वेशीतला राज, चढावरचा बाबाजी

आजच्या या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, मोरवा गावचे ज्येष्ठ आणि आम्हा सर्वांचे काका श्रीमान धर्माजी पाटील; व्यासपीठावर विराजमान असलेल्या, महिला मंडळाच्या अध्यक्षा सौ. स्वातीताई म्हात्रे; आजचे सत्कारमूर्ती, हारांच्या गर्दीत ज्यांची मान शोधावी लागतेय असे आपले लाडके राज भोईर; नवरात्रोत्सव मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी; समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो; आणि खुर्ची मिळाली नाही तरी घरी न गेलेल्या, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रांनो, आपणा सर्वांना या परशुराम केणीचा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्यांनी दिली तेही मला ओळखून आहेत, कारण देताना ते हसत होते. माझी सौभाग्यवती नीलम तिसऱ्या रांगेत बसलीय. ती पदर सावरायला लागली की मी आवरतं घ्यायचं, असं घरून ठरवून आणलंय. पण नीलम, आत्ताच सांगून ठेवतो, आज तू पदर सावर नाहीतर खुर्चीवर उभी राहा, मी बोलणार. राजचं कौतुक करायचंय, ते तर करणारच. त्याशिवाय शेवटी मला अध्यक्षांकडे एक मागणं मागायचंय, आणि ते या वर्षी मागितलं नाही तर पुढच्या वर्षी मागून उपयोग नाही.

आधी पाहुण्यांसाठी दोन शब्द. राजच्या सासरची मंडळी अलिबागहून आलीय, त्यांना आमची रीत ठाऊक नसेल. आमच्या मोरव्यात नवरात्रात देवी बसते, तिच्यापुढचा दिवा काडी ओढून लावत नाहीत. ठाण्यापलीकडे डोंगरावर देवीचं ठाणं आहे. तिथल्या दिव्यावर मशाल पेटवायची आणि पोरांनी ती धावत गावात आणायची. तीच आमची ज्योत. एकाने आपला टप्पा धावायचा, मग ज्योत पुढच्याच्या हातात. ती पोचल्याशिवाय संध्याकाळची आरती होत नाही. ज्योतीच्या मागे टेम्पो. टेम्पोत तेलाचा डबा, पाण्याचे जार, लिंबं, आणि आपली पाळी येईपर्यंत सावलीत लोळत पडलेले आमचे धावपटू. हा टेम्पो माझा. म्हणजे वर्षानुवर्षं मी ज्योतीच्या पाठोपाठ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये येतोय. तुम्ही सगळे धावणाऱ्यांची तोंडं बघता, मी फक्त पाठी बघितल्यात.

आणि राजची पाठ मी फार थोडा वेळ बघितलीय. कारण त्याचा टप्पा शेवटचा. मोठ्या रस्त्यावरून वेशीत आणि वेशीतून देवीच्या मंडपात. राज, रागावू नकोस हं, पण तेवढ्या अंतराला आपला रिक्षावाला मीटर टाकत नाही. 'अरे भाई, सामने तो है, पैदल जाओ' म्हणतो.

पण धावतो काय झोकात! 'उदो उदो' अशी आरोळी ठोकली की गल्लीच्या टोकाची कुत्रीसुद्धा उठून बसतात. प्रत्येक ओट्यापुढे पाय हळू करणार. म्हाताऱ्या माणसांपुढे ज्योत खाली आणणार, त्यांना हात फिरवून डोळ्यांना लावू देणार. पोरांना नावानिशी हाका मारणार. कुणी 'दादा, फोटो' म्हटलं की मान वळवणार, आणि नेमकी चांगली दिसणारी बाजू देणार. हे सगळं धावता धावता! सोपं नाही. मी एकदा गल्लीत नुसता चालता चालता नमस्कार करायला गेलो तर गटाराच्या झाकणाला अडखळलो.

आणि तो नाडीचा किस्सा सांगू का? बघा, बायका आधीच हसायला लागल्या. पाहुण्यांनो, एका वर्षी ऐन वेशीत तुमच्या जावयाच्या हाफपँटची नाडी तुटली. आता काय करणार? एका हातात ज्योत, ती खाली ठेवता येत नाही. दुसऱ्या हातात अब्रू, तीही सोडता येत नाही. पण गडी थांबला नाही! एका हाताने ज्योत उंच, दुसऱ्या हाताने पँट घट्ट, आणि तोंडाने 'उदो उदो' चालूच. स्वातीताईंच्या हातातलं आरतीचं ताट हसून हसून इतकं हललं की निरांजन विझलं. तोपर्यंत राज हा एक बरा धावणारा होता. त्या दिवसापासून तो गावाचा राजदादा झाला. अजून मासळीबाजारात मावरं घ्यायला गेला की मावश्या विचारतात, "काय रं राजदादा, नाडी घट बांधलीस ना?" आणि हा हसतो, चिडत नाही. आता गुडघा ऐकत नाही म्हणून तो टप्पा सोडतोय. गावाला चुटपुट लागलीय, मलाही लागलीय. राज, तू खूप आनंद दिलास बाबा.

आता मी टेम्पोत बसून एका गोष्टीचा पुष्कळ विचार केलाय. पहिल्या गिअरमध्ये माणूस दुसरं करणार काय? एखादा धावणारा लोकांचा लाडका का होतो, आणि दुसऱ्याचं नावही कुणाला का माहीत नसतं? जास्त जोरात धावतो म्हणून? छे! आपल्या शहरात मॅरेथॉन होते, आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. पहिला येणारा असा सपकन निघून जातो की टाळीसाठी हात उचलेपर्यंत तो पुढच्या सिग्नलला. आपण जीव तोडून टाळ्या वाजवतो कुणासाठी? सगळ्यात मागून धापा टाकत येणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या, 'पाणी है क्या?' म्हणून आपल्याच हातातली बाटली घेणाऱ्या त्या जाड्या काकांसाठी. का? तर त्यांनी आपल्याकडे बघितलं. आपल्या हातचं पाणी प्यायले. पुढच्या वर्षी आपण त्यांनाच शोधतो, की बाबा, काका आले का?

म्हणजे लाडका कोण होतो? जो आपल्या दारावरून जातो, आपल्याकडे बघतो आणि ज्याची फजिती आपण आपल्या डोळ्यांनी बघितलेली असते तो. यात लोकांचं काही चुकतं का? मला नाही वाटत. माया लावायची तर माणूस दिसला पाहिजे ना?

मग जो दिसतच नाही त्याने काय करावं?

बाबाजी घाणेकर. हे नाव ऐकून किती जणांच्या डोळ्यांसमोर चेहरा आला? हात वर करा बघू. हौसाबाई मावशी, तुम्ही हात खाली घ्या, तो तुमचाच मुलगा आहे! बाकी? दोन, तीन… आणि नीलम. स्वातीताई, तुम्हाला नाही आठवत? काय म्हणालात? 'तो टेम्पोवाला ना?' झालं! अहो ताई, टेम्पोवाला मी! टेम्पो माझा, लायसन माझं, टायर पंक्चर झाला की शिव्याही माझ्या. बाबाजीला गाडी चालवता येत नाही. बाबाजी धावतो.

कुठे धावतो? गायमुखचा चढ. घोडबंदर रोडने ठाण्याहून आपल्याकडे यायला लागलं की चेण्याच्या अलीकडे तो चढ लागतो. घरं नाहीत, दुकानं नाहीत, एका अंगाला जंगल, आणि अंगावर येणारे ट्रेलर. ज्योत तिथे पोचते तेव्हा ऊन असं असतं की डांबर चपलेला चिकटतं. तिथे 'राजदादा, राजदादा' करायला कुणी नाही. तिथे फक्त मागचा ट्रकवाला असतो, आणि तो जे ओरडतो ते मला देवीच्या व्यासपीठावरून सांगता येणार नाही.

टप्पे कसे वाटले जातात ते आमच्या पोरांना विचारा. काशीमीरा सगळ्यांना पाहिजे, कारण तिथे हॉटेलवाले थंडा देतात. भाईंदरचा बाजार पाहिजे, कारण तिथे दुकानदार फुलं उधळतात. हे मायलेक रत्नागिरीहून मोरव्यात भाड्याने राहायला आले, त्या वर्षी बाबाजी मीटिंगला दाराजवळ उभा राहिला. सगळं वाटून झाल्यावर उरला तो गायमुख. म्हणाला, "मला चालेल." त्यानंतर कुणी त्याला विचारलंही नाही, तो टप्पा त्याचाच झाला.

तो चढावर कसा धावतो ते मी सांगतो, कारण बघणारा मी एकटाच आहे. धापा नाहीत, हातवारे नाहीत, चेहरा वाकडा नाही. पायांचा एकच ठेका, खालपासून वरपर्यंत. ज्योत छातीपुढे धरलेली, ट्रेलर जवळून गेला की खांदा आडवा करून ती झाकायची, आणि पुन्हा सरळ. बघायला गेलं तर बघण्यासारखं काहीच नाही हो! आणि तेच त्याचं दुर्दैव. त्याची नाडीसुद्धा कधी तुटत नाही.

मग तो टेम्पोवाला कसा झाला? सोपं आहे. टेम्पो आपल्या गल्लीत शिरत नाही, रस्त्यावर उभा करावा लागतो. ज्योत वेशीत शिरली की बाकीची पोरं राजच्या मागे नाचत गावात. मग तेलाच्या डब्याजवळ कोण थांबणार? बाबाजी म्हणतो, "तुम्ही जा, मी आहे." सगळं आटोपल्यावर हा तेलाचा डबा घेऊन मंडपात येतो. पहिल्याच वर्षी आभार मानणाऱ्याने डबा बघितला आणि माईकवर जाहीर केलं, "वाहनव्यवस्था सांभाळल्याबद्दल श्री. बाबाजी यांना नारळ देण्यात येत आहे." तेव्हापासून दरवर्षी वाहनव्यवस्थेचे दोन नारळ निघतात, एक मला आणि एक त्याला. मी कमिटीला किती वेळा सांगितलं! कमिटी म्हणते, "हो हो, बघतो."

याहून मजा पुढेच आहे. एका वर्षी चढावर ट्रेलर बंद पडून आडवा झाला. बाबाजी ज्योत घेऊन कडेकडेने निघून गेला, माझा टेम्पो मागे अडकला. आणि पुढच्या टप्प्यांची सगळी पोरं कुठे? टेम्पोत, सावलीत! बाबाजी चढ चढून वर गेला, तर ज्योत घ्यायला कुणी नाही. ज्योत तर थांबवायची नाही, अशी आपली रीत. हा उतरला, चेणं ओलांडलं, तरी कुणी नाही. हायवे धरला. पाणी नाही, तेल संपत आलेलं. थेट काशीमीऱ्याला पोचला, तेव्हा तिथे आमच्या धावणाऱ्यांतला भूपेश वडापाव खात उभा होता, कारण तो बाइकने पुढे आला होता. भूपेश, लपू नकोस, दिसतोयस. बाबाजीने ज्योत त्याच्या हातात दिली आणि फुटपाथवर बसून राहिला. आम्ही पोचलो तेव्हा तो मला काय म्हणाला? "परशुरामभाऊ, पाणी आहे का थोडं?" एवढंच.

आणि संध्याकाळी मंडपात काय झालं? कमिटीने बाबाजीला बाजूला घेऊन झापलं, की वाहनव्यवस्था तुमच्याकडे असताना टेम्पो उशिरा का आला?

हसा, हसा, मीही आता हसतोय. पण त्या दिवशी मला राग आला होता, खराखुरा राग. मी भांडायला निघालो तर यानेच माझा हात धरला. म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ. ज्योत पोचली ना वेळेवर?" अशा माणसाचं करायचं काय, सांगा मला.

आणि या सगळ्यात हौसाबाई मावशी कुठे असतात? वेशीत. तुम्हा सगळ्या बायकांच्या मागे, पायरीवर. दरवर्षी त्या बघतात की ज्योत राजच्या हातात आली. हात जोडतात. घरी गेल्यावर मुलाला विचारतात, कसा धावलास? तो म्हणतो, "बरा." आईने आपल्या मुलाला धावताना एकदाही बघितलेलं नाही! आई वेशीत असते तेव्हा मुलगा रस्त्यावर डबा सांभाळत असतो.

आज तो इथे नाही, त्याची दुपारपाळी आहे, काशीमीऱ्याच्या गोदामात माल लावतोय. म्हणून तर मी एवढं मोकळं बोलतोय. ते गोदाम दिवाळीनंतर वापीला हलतंय. बाबाजी त्याबरोबर जाणार आणि मावशीही जाणार. घर बघून झालंय. म्हणजे येतं नवरात्र हे त्याचं मोरव्यातलं शेवटचं. मावशींनी त्याला या वर्षी बघितलं नाही, तर मग कधीच नाही.

राजला हे कळलं तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "परशुरामकाका, माझा टप्पा बाबाजीला द्या. गावात धावू दे त्याला." टाळ्या वाजवा राजसाठी! उगाच नाही माणूस लाडका होत. मी धावत बाबाजीकडे गेलो. तर हा म्हणतो, "नको भाऊ. माणसांत धावायचं म्हणजे मला लाज वाटते. आणि मी इकडे आलो तर चढ कोण घेणार?" परवाच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, चढ कोण घेणार? सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले.

तर अध्यक्षमहाराज, आता माझं मागणं. धावणारा माणसांत येत नाही, तर माणसांनी धावणाऱ्याकडे जायचं. या नवरात्रात ज्योत गायमुखला पोचायच्या आत मोरव्यातून बस निघू दे. बायका, पोरं, ढोल, झांजा, सगळं चढाच्या माथ्यावर कडेला उभं राहू दे. एकदा त्या चढाला कळू दे की हा मोरव्याचा माणूस आहे.

काका, तुमच्या कपाळाला आठी पडली, ती मला दिसतेय. बोला, माईक देतो… "ज्योतीला सामोरं येशीवरच जायचं, आरती येशीवरच होनार. ती रीत हाय." बरोबर, काका. रीत मोडायची नाही. आरती वेशीवरच होईल, स्वातीताईच करतील. पण मी आरती कुठे मागतोय? मी टाळ्या मागतोय. टाळ्यांना कुठली आलीय वेस? आणि त्याने गावाची ज्योत विझू दिली नाही, तेव्हा तो वेशीच्या बाहेरच होता ना?

अध्यक्ष विचार करताहेत. शांत राहा जरा. राज, तूही ऐक. तू बाबाजीला धावताना बघितलंयस का कधी? कसा बघशील, तू वेशीत उभा असायचास. या वर्षी पहिल्यांदा तू मोकळा आहेस. आरोळी कशी ठोकायची ते तुझ्याइतकं कुणाला येतं? गुडघा दुखतोय, गळा नाही ना दुखत?

हां, काका काहीतरी म्हणताहेत. काय? जरा मोठ्याने… "बस किती वाजता सुटनार हाय ते सांग आदी. मना पुढची शीट पायजे." जय हो! ऐकलंत? मंजूर! नीलम, आता पदर सोड आणि टाळ्या वाजव!

मावशी, आता तुमचं काय? येणार ना? उठू नका, बसूनच बोला, माईक तिकडे पाठवतो.

"येतंय मी. पण मला पुढं उभी करू नुको. माजा झील मला बघून थांबल, पाया पडायला येल. चढावर थांबवायचा नाय त्याला."



मावशी, तुम्ही पुढे उभ्या राहूच नका. तुम्ही माझ्या टेम्पोत, माझ्या शेजारी बसा. ज्योत त्याच्या हातात गेली की राज तुम्हाला खालच्या वळणावर गाडीत चढवील आणि स्वतः बाइकने माथ्यावर पुढे जाईल. खालपासून माथ्यापर्यंत तुमचा मुलगा तुमच्या समोर असेल, काचेपलीकडे, अगदी जवळ. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवीन. पोटभर बघा. चढावर तो मागे वळून बघत नाही.

असो. राज भोईर यांना पुढच्या आयुष्यासाठी मंडळातर्फे आणि माझ्या घरातर्फे शुभेच्छा. अध्यक्षांनी परवानगी दिली, स्वातीताईंनी सांभाळून घेतलं, अलिबागच्या पाहुण्यांनी जावयाची नाडी हसून ऐकली, आणि तुम्ही चहा थंड होत असतानाही बसून राहिलात, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कमिटीला, भूपेशला किंवा आणखी कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

आणि एक. पाळी संपवून बाबाजी आता येईलच. तो विचारील, सभेत काय झालं? सगळ्यांनी एकच सांगायचं: काही नाही रे, परशुराम बोलत होता.